उपरण्याखालचा हात
(गुरांच्या बाजारातील दलाल : त्याची विद्या, त्याचा शब्द आणि आपला न्याय)

'लिलाव' हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की तो परका आहे, हे ध्यानातही येत नाही. पोर्तुगीजांच्या 'लेइलांव' या शब्दाचे हे मराठी रूप. वसई, चौल, गोवे या मुलखांत पोर्तुगीज सत्ता नांदली आणि 'पाद्री', 'पाव', 'बटाटा' या शब्दांबरोबर 'लिलाव'ही आपल्या भाषेत कायमचा राहिला. गोव्यातील गावकारीच्या शेतांचा दर तीन वर्षांनी लिलाव होत असे. कपेलाच्या सणाला भाविकांनी अर्पण केलेल्या फळांचा व वस्तूंचा लिलाव करण्याची रीत तेथे आजही पाहावयास मिळते. सर्वांसमक्ष बोली बोलावी, सर्वांनी ती ऐकावी आणि सर्वांत मोठी बोली बोलणाऱ्याच्या पदरात वस्तू पडावी, असा हा उघडा व्यवहार आहे.

'दलाल' हा शब्द अरबीतून आला. वाट दाखविणारा, दोघांची गाठ घालून देणारा असा त्याचा आशय. तिसरा शब्द मात्र याच मातीतला. गुरांचा व्यापार करणाऱ्यास आपल्या खेड्यांत 'हेडी' किंवा 'हेड्या' म्हणतात. जुन्या मराठीत घोड्यांच्या सौदागरास 'हेडाऊ' म्हणत, त्याच कुळातला हा शब्द. लिलाव, दलाल आणि हेडी या तीन शब्दांभोवती महाराष्ट्रातील गुरांच्या बाजाराचा इतिहास गुंफलेला आहे. वरवर पाहता तो बैलांचा आणि पैशांचा इतिहास वाटतो. खोलात गेल्यास तो एका नैतिक प्रश्नाचा इतिहास आहे : किंमत झाकून ठरवावी की उघडी ठरवावी? आणि झाकून ठरली, तर गरिबाचे रक्षण कोणी करावे?

बाजार आणि जत्रा

अमेरिकेच्या ग्रामीण भागात गुरांचा लिलाव पुकारणारा माणूस उंच मंचावर बसतो आणि अखंड, तालबद्ध, श्वास न घेता चाललेल्या स्वरात आकडे पुकारतो. त्याच्या जिभेचा वेग हीच त्याची कला. १९६३ सालापासून तेथे अशा पुकाऱ्यांची जागतिक स्पर्धाही भरते. आपल्याकडील गुरांच्या बाजारात त्याच जागी उभा असलेला माणूस अगदी निराळा. त्याला मंच नाही, घंटा नाही. खांद्यावर उपरणे किंवा रुमाल, हातात काठी आणि पायांत जाड वहाणा, एवढेच त्याचे साहित्य. महत्त्वाच्या क्षणी तर तो बोलतच नाही. एकाची कला वाणीची आणि दुसऱ्याची मौनाची, असे म्हणावे लागेल.

हा माणूस जेथे घडला, ते बाजार आपल्या परिचयाचे आहेत. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील लोणी, काष्टी आणि घोडेगाव, पुणे जिल्ह्यातील बेल्हे, सोलापूर जिल्ह्यातील सांगोला ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी वारांसकट असतात. बेल्ह्याचा सोमवार, घोडेगावचा शुक्रवार, काष्टीचा शनिवार, सांगोल्याचा रविवार. आठवड्याच्या बाजाराखेरीज देवस्थानांच्या जत्रा आहेतच. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, साताऱ्याकडील पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, सांगली जिल्ह्यातील खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा, घोड्यांसाठी प्रसिद्ध असलेले नंदुरबारकडील सारंगखेडा, गाढवांच्या बाजारासाठी नावाजलेल्या जेजुरी आणि मढी. देवदर्शन आणि जनावरांची खरेदी ही एकाच प्रवासात साधण्याची ही रीत फार जुनी आहे.

प्रत्येक बाजाराचे जनावरही ठरलेले. माणदेशाच्या कोरड्या माळावरचा खिल्लार बैल चपळ, लांब शिंगांचा आणि तापट. अकोले, इगतपुरीकडच्या मुसळधार पावसात टिकणारा डांगी. लातूरकडचा देवणी, नांदेडकडचा लाल कंधारी, वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ. दलालाला हे सारे ओळखावे लागते आणि कोणत्या जमिनीला कोणता बैल मानवेल, हेही सांगावे लागते. माळावर धावणारा खिल्लार भातखाचरात नेऊन घातला, तर जनावर आणि मालक दोघेही कष्टी होतात.

मोसमाचे गणितही असेच. सुगी आटोपल्यावर जत्रांचे दिवस येतात आणि हातात पैसा खेळत असल्याने सौदे होतात. मृग नक्षत्राच्या तोंडावर पेरणीसाठी बैल हवाच असतो, तेव्हा भाव चढतो. पाऊस हुकला आणि वैरण संपली की त्याच बैलाला कोणी विचारीत नाही. ज्या दिवशी शेतकऱ्याला विकण्याची सर्वांत अधिक निकड, त्याच दिवशी भाव सर्वांत पडलेला. बाजाराचे हे कठोर सत्य या लेखात पुढे पुन्हा येणार आहे.

दलालाची विद्या

ही विद्या कोणत्याही शाळेत शिकविली जात नाही. मुलगा बापाबरोबर किंवा चुलत्याबरोबर बाजारात जातो, कासरा धरून उभा राहतो आणि पाहता पाहता शिकतो. पहिला धडा दातांचा. बैलाचा जबडा उघडून पुढील दात पाहिले की वय कळते. दुधाचे दात असतील तर 'आदत', दोन पक्के दात आले की 'दुसा', चार आले की 'चौसा', त्यानंतर 'सहादाती' आणि आठही दात पुरे झाले की 'जुळलेला'. साधारण दोन-अडीच वर्षांच्या सुमारास पहिली जोडी येते आणि पाचाच्या आतबाहेर बैल जुळतो. त्यापुढचे वय दातांच्या झिजेवरून आणि शिंगांच्या वळ्यांवरून काढावे लागते. तेथे मात्र अनुभवाची कसोटी लागते, कारण शिंगे तासून गुळगुळीत करणे ही बाजारातील फार जुनी लबाडी आहे.

दुसरा धडा चालीचा. दलाल बैलाला चालवून, वळवून, मागे सारून पाहतो. खुरात वाकडेपणा आहे का, खांद्यावर जुवाचा घट्टा पडला आहे का, पाठीवरून हात फिरविल्यास कातडी थरारते का, डोळ्यापुढे बोट नेल्यास पापणी लवते का? म्हैस असेल तर तिची कास पाहावयाची, आणि ती दूध तटवून मुद्दाम तुंबविलेली नाही ना, याची खातरी करावयाची. तिसरा धडा खोडींचा. मारका, लाथरा, चालता चालता जुवाखाली बसून घेणारा, बाईमाणसाला जवळ येऊ न देणारा असे नाना स्वभाव असतात. 'गरीब' हा बैलाच्या बाबतीत फार मोठ्या प्रशंसेचा शब्द आहे. अंगावरील केसांच्या भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरविण्याची समजूत आपण ख्रिस्ती जनांनी मानू नये. तथापि, त्या समजुतीने किंमत खाली-वर होते, एवढे दलालाला माहीत असावेच लागते.

चौथा आणि सर्वांत अवघड धडा माणसे वाचण्याचा. विकणारा हौसेने आला आहे की कर्जाने? घेणारा पाहायला आला आहे की घ्यायला? जोडीतला एक बैल मेल्यामुळे दुसऱ्याला जोड शोधणारा शेतकरी लांबूनच ओळखू येतो. तो रंग पाहतो, उंची पाहतो, शिंगांची ठेवण पाहतो आणि आपल्या मनातल्या बैलाशी प्रत्येक बैल ताडून पाहतो. जुळलेल्या जोडीची किंमत दोन सुट्या बैलांच्या बेरजेहून अधिक असते, ते याच कारणाने.

हाताची भाषा

आता मूळ प्रकाराकडे वळू. सौदा रंगात आला की दलाल खांद्यावरचे उपरणे काढतो, विकणाऱ्याच्या उजव्या हातावर टाकतो आणि त्या आडोशाखाली त्याचा हात हाती घेतो. एक बोट धरले की एक, दोन धरली की दोन, पाचही बोटे धरली की पाच, आणि पंजा सोडून पुन्हा एक बोट धरले की सहा. आकडा शेकड्यांचा, हजारांचा की दहा हजारांचा, एवढेच तोंडाने सुचवावयाचे. गावोगावी या खुणांत थोडाफार फरक असतो. बोटांनी बोलण्याच्या या रीतीस मराठीत 'करपल्लवी' असे सुंदर नाव आहे. जेथे बोलावेच लागे, तेथे जुन्या व्यापाऱ्यांची 'नंदभाषा' कामी येई. तिच्यात एकास केवली, दोहोंस आवारू, तिहींस उधानू, चारांस पोकू, पाचांस मुळू आणि सहांस शेली म्हणत. बाजूस उभ्या असलेल्या शेतकऱ्याने कितीही कान टवकारले, तरी त्याला त्यातले काही समजत नसे.

समजा, बैलजोडीचा सौदा चालला आहे. दहा हजारांचे बोट धरावयाचे ठरले. विकणारा उपरण्याखाली दलालाचा पंजा धरतो आणि सोडून पुन्हा तीन बोटे धरतो, म्हणजे ऐंशी हजार. दलाल घेणाऱ्याकडे वळतो, तसेच उपरणे टाकतो. घेणारा पंजा व एक बोट देतो, म्हणजे साठ. दलालाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. तो एकदा याच्याकडे जातो, एकदा त्याच्याकडे. तोंडाने तो भलतेच बोलत असतो. "पाटील, जनावर पाहा, माणूस पाहा, सोडा आता हट्ट." "मामा, पोटच्या पोरागत वाढवलंय त्यांनी, एवढ्यात कसं मागता?" हळूहळू एकाचे बोट कमी होते, दुसऱ्याचे वाढते. शेवटी दोघांचे आकडे सत्तरापाशी भेटले की दलाल उपरणे झटकून खांद्यावर टाकतो आणि इसाराची नोट विकणाऱ्याच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटतो. सौदा तुटला, म्हणजेच ठरला. आपल्या भाषेची गंमत अशी की, सौद्याच्या बाबतीत 'तुटणे' म्हणजे जुळणे!

हे झाकणे कशासाठी? बाहेरून पाहणाऱ्याला यात फक्त लबाडी दिसते. ती नसते असे नाही, परंतु या आडोशाला दुसरीही बाजू आहे. बाजारात गावचा सावकार उभा असतो, भाऊबंद असतात, सोयरे असतात. बैलाला कमी भाव आला, ही गोष्ट चारचौघांत पुकारली गेली तर शेतकऱ्याची मान खाली जाते. जास्त भाव आला, तर सावकाराचा माणूस रात्री दारात उभा राहतो. शिवाय एका खरेदीदाराने नाकारलेला भाव दुसऱ्याच्या कानी पडला, तर तो त्याखालीच मागतो. उपरणे हे अशा रीतीने गरिबाच्या लाजेवरचे पांघरूणही होते.

पण पांघरूण कोणाच्याही अंगावर घालता येते. दलाल दोन्ही हात स्वतः हाताळतो. विकणाऱ्याने काय मागितले हे घेणाऱ्याला कळत नाही आणि घेणारा किती द्यायला तयार झाला हे विकणाऱ्याला कळत नाही. मधला फरक गिळण्याचा मोह तेथेच जन्म घेतो. त्यातून दलाली बहुधा दोन्हीकडून घ्यावयाची. दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे प्रभूचे वचन आपण जाणतो. दलालाचा तर धंदाच दोन धन्यांचा. म्हणून ज्या दलालाने या अवघड जागी उभे राहून आयुष्यभर हात स्वच्छ ठेवला, त्याचे मोल बाजारालाही कळत असे. त्याच्यापाशी दुकान नसे, वही नसे. त्याचे भांडवल म्हणजे त्याचा शब्द. तो एकदा खोटा ठरला की पुढच्या आठवड्यात त्याच्या उपरण्याखाली कोणी हात घालीत नसे.

शब्दाची ही कसोटी सौद्यानंतरही संपत नाही. अनेकदा बैल 'बोलीने' विकला जातो. घरी न्यावा, औताला जुंपून पाहावा आणि सांगितलेला गुण निघाला नाही, तर ठरल्या मुदतीत परत करावा. या बोलीचा साक्षीदार दलालच. अनेक गावांत विकणारा बैल देतो, पण त्याचे दावे मात्र परत घरी नेतो. जनावर गेले तरी गोठ्याची लक्ष्मी जाऊ नये, अशी त्यामागची भावना. घेणाऱ्याने नवे दावे घेऊन यावयाचे.

लिलावाची दुसरी ओळख

झाकलेल्या हातात धोका आहे, तर उघडा लिलाव हाच उपाय, असे कोणीही म्हणेल. परंतु आपल्या खेड्यातील माणसाला 'लिलाव' हा शब्द ऐकून आनंद होत नाही, त्याच्या काळजात धस्स होते. त्यामागेही इतिहास आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुरांच्या अतिक्रमणाविषयी कायदा केला. कोणाचे जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरले, तर ते कोंडवाड्यात घालावयाचे आणि मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून सोडवावयाचे. सात दिवसांत कोणी आले नाही तर पोलीस अधिकाऱ्याने नोटीस लावावी, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटावी, आणि त्यानंतरही सात दिवसांत कोणी पुढे आले नाही तर जनावर जाहीर लिलावाने विकावे, असे कायद्याने ठरविले. न्याय म्हणून ही तरतूद सरळ होती. तथापि, ज्या घरी दंडाचे काही आणेही नसत, त्या घरच्या गाईची पहिली बोली ऐकू येई ती कोंडवाड्याच्या दारातच.

दुसरा लिलाव सावकाराच्या हुकूमनाम्याचा. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे उसळले. सुपे येथे सुरू झालेल्या या उठावात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. त्यांचा राग मुख्यतः कागदावर होता, कारण त्या कागदावरूनच कोर्टात हुकूमनामे होत आणि जमीन, घर, गुरे यांच्यावर जप्ती येई. या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात एक महत्त्वाचे संरक्षण आले : कर्जदार शेतकरी असेल, तर त्याची शेतीची अवजारे आणि उपजीविकेसाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील अशी गुरे व बियाणे यांवर जप्ती आणता येणार नाही.

हे कलम वाचताना पवित्र शास्त्राच्या वाचकास जुना करार आठवल्याशिवाय राहात नाही. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचे जीवनच गहाण घेणे होय, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक आहे. ईयोबाच्या ग्रंथात दुर्जनांच्या पापांची यादी येते, तीत विधवेचा बैल गहाण म्हणून ओढून नेणाऱ्यांचा उल्लेख आहे. माणसाच्या पोटाचे साधन विक्रीला काढता कामा नये, ही जाणीव किती जुनी आहे! कायद्यात यायला तिला किती शतके लागली!

तात्पर्य असे की, लिलाव उघडा असतो म्हणून तो न्यायी असतोच, असे नाही. त्यात बोली सर्वांना ऐकू येते, पण विकणाऱ्याचे दुःख कोणालाच ऐकू येत नाही.

बाजार समितीचा काळ

उघडेपणाचा आग्रह प्रथम कापसाच्या बाजारात धरला गेला. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२६ साली लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ साली अहवाल दिला आणि नियंत्रित बाजार देशभर उभारावेत, अशी शिफारस केली. मनमानी कपात, खोटी वजने आणि कापडाखाली ठरणारे भाव या गोष्टींना आळा घालणे, हे अशा बाजारांचे उद्दिष्ट होते. मुंबई इलाख्यात १९३९ साली आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ साली कृषी उत्पन्न बाजारांविषयीचे कायदे झाले. आज गुरांचे अनेक मोठे बाजार या समित्यांच्याच आवारात भरतात. पाण्याचे हौद, चढ-उताराचे धक्के, पशुवैद्य, पावतीची खिडकी या सोयी त्यामुळेच आल्या.

धान्याच्या बाजारात उघडा लिलाव रुजला. गुरांच्या बाजारात उपरणे मात्र टिकून राहिले. त्याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. ज्वारीचे एक पोते दुसऱ्या पोत्यासारखे असते, मूठभर दाणे हातात घेतले की सारा ढीग कळतो. बैल एकासारखा दुसरा नसतो. त्याची किंमत त्याच्या स्वभावात, चालीत आणि त्याच्या मालकाच्या खरेपणात असते. हे गुण तराजूत बसत नाहीत. कायद्याने त्याला पावती दिली. या पावतीवर किंमत, जनावराचे वर्णन आणि दोघांची नावे असतात. उपरण्याखाली ठरलेला आकडा शेवटी त्या खिडकीपाशी तोंडाने सांगावाच लागतो. झाकलेला हात आणि उघडा कागद यांची ही तडजोड आहे.

संत थॉमस यांचा घोडा

आमच्या सेमिनरीच्या अभ्यासक्रमात संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथाला मोठे स्थान होते. त्यांच्या 'सुम्मा थिओलॉजिया' या महाग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात सत्त्याहत्तरावा प्रश्न खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा आहे. तेराव्या शतकातील हा थोर विद्वान तेथे थेट जनावरांच्या बाजारात उतरतो, हे पाहून वाचक चकित होतो. विकणाऱ्याने वस्तूचे दोष सांगितलेच पाहिजेत काय, असा त्यांचा प्रश्न. त्यांचे उत्तर असे : दोष झाकलेला असेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान किंवा घात होणार असेल, तर तो सांगणे हे कर्तव्य आहे. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे हे पाप होय. परंतु घोडा एकाक्ष असेल आणि हा दोष कोणालाही दिसण्यासारखा असेल, आणि त्या मानाने किंमतही कमी केलेली असेल, तर तो बोलून दाखविण्याची सक्ती नाही. आपल्या बाजारातील 'बोली'चा सारा कायदा या एका घोड्यात सामावला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच प्रश्नात ते आणखी एक मुद्दा मांडतात आणि तो अधिक मोलाचा आहे. वस्तू दिल्याने विकणाऱ्याचे स्वतःचे विशेष नुकसान होत असेल, तर त्याने थोडी अधिक किंमत घ्यावी. पण घेणाऱ्याला त्या वस्तूची विशेष निकड आहे, एवढ्याच कारणाने किंमत वाढवू नये. कारण ती निकड घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याच्या मालकीची नाही. जे आपले नाही, ते विकता येत नाही. हाच विचार उलट बाजूने लावून पाहावा. दुष्काळात वैरण संपली म्हणून बैल घेऊन आलेल्या शेतकऱ्याची अडचण ही त्याची आहे. घेणाऱ्याने ती फुकटात खरेदी करू नये. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ आणि आपल्यापैकी अनेकांना आठवणारा १९७२ चा दुष्काळ, या तिन्ही वेळी महाराष्ट्रातील शेतकऱ्याने हाच अनुभव घेतला. गुरांच्या छावण्या हा एका अर्थाने या अन्यायावरचा उपाय होता. जनावर छावणीत जगले, म्हणजे ते कवडीमोलाने विकावे लागले नाही. पोपमहोदय लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात मजुरीविषयी हाच सिद्धान्त मांडला. गरजेपोटी मजुराने कमी वेतन कबूल केले, म्हणून ते न्याय्य ठरत नाही. दलालाच्या उपरण्याखाली हीच शिकवण बोटांच्या रूपाने पाळली जाते किंवा मोडली जाते.

दोर वळणारे हात

या बाजाराच्या इतिहासातील एक पान आपल्या समाजाच्या विशेष जवळचे आहे. बाजाराच्या कडेला दोरांची, कासऱ्यांची, वेसणींची आणि म्होरक्यांची रांग असते. अंबाडीचे आणि घायपाताचे हे दोर वळण्याचे काम गावगाड्यात मांग समाजाकडे होते. मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम महार समाजाच्या माथी होते. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन येशूसंघीय मिशनऱ्यांनी सुवार्ता आणली, तेव्हा ती प्रथम स्वीकारणाऱ्यांत याच घरांतील माणसे होती. ज्यांच्या वळलेल्या दाव्याने गावाची सारी गुरे बांधली जात, त्यांच्या स्वतःच्या दारात बांधण्यास बैल क्वचितच असे. गावाने त्यांना मेलेले जनावर दिले, जिवंत जनावर फार कमी वेळा दिले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने आणि त्यांबरोबरची बांधिलकी संपली. त्यानंतर हळूहळू या घरांतील माणसेही विकणारा आणि घेणारा म्हणून बाजारात उभी राहू लागली. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पूर्वी बैलगाड्या जात, त्या गाड्यांचे बैल ज्यांनी स्वतःच्या पैशाने घेतले होते, त्यांना त्या बैलांचे मोल निराळे सांगावयास नको होते.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर हे स्वतः दुसऱ्याच्या शेतावर, दुसऱ्याच्या बैलांनी नांगरणारे मजूर होते. १६२२ साली १२ मार्च रोजी पोप ग्रेगरी पंधरावे यांनी संत फ्रान्सिस झेवियर आणि संत इग्नाती यांच्याबरोबर एकाच समारंभात त्यांना संतपद बहाल केले. गोव्याचा प्रेषित आणि माद्रिदचा नांगऱ्या एकाच दिवशी वेदीवर चढले, ही गोष्ट आपण मुलांना आवर्जून सांगावी.

आजचा बाजार

आज हे चित्र झपाट्याने बदलत आहे. ट्रॅक्टरने नांगर नेला, पाठोपाठ मळणी आणि पेरणीही नेली. पशुगणनेनुसार २०१२ ते २०१९ या काळात महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या सुमारे एक दशांशाने घटली. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीची व्याप्ती बैल व वळू यांच्यापर्यंत वाढविण्यात आली. तेव्हापासून थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले आणि त्याला पोसण्याचा भार छोट्या शेतकऱ्यावरच राहिला. २०२० साली महामारीमुळे आणि २०२२ साली लम्पी या चर्मरोगामुळे गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. आता मोबाईलवर बैलाचे छायाचित्र येते, किंमतही तेथेच ठरते. चाल, खोड आणि स्वभाव मात्र छायाचित्रात दिसत नाहीत. तेथे कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावाच लागतो, आणि तो शब्द देणारा माणूस आता समोर उभा नसतो.

उपरणे गेले, तर त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. त्याखाली पुष्कळ पापे झाली आहेत. पण त्याच्याबरोबर एक कसोटी जाऊ नये, असे वाटते. जुना प्रामाणिक दलाल हात झाकून आकडा ठरवी, आणि तो असा आकडा ठरवी की उपरणे अचानक कोणी ओढून काढले तरी त्याला लाज वाटू नये. घरातील वाटणी असो, शेतमजुराची रोजंदारी असो, लग्नाची बोलणी असोत की जमिनीचा सौदा असो, आपल्या साऱ्यांचेच पुष्कळ व्यवहार आज कोणत्या ना कोणत्या उपरण्याखाली होतात. माणसांना न दिसणारा तो हात परमेश्वराला दिसतो, हे जाणून आपण बोटे धरावीत. पलीकडची बोटे बहुधा आपल्याहून गरजू माणसाची असतात.